पोत्यावरचं कुत्रं

खंदारे काका कुत्र्याचं खाणं स्वतः खाऊन बघत. दुकानात नवं पोतं फोडलं, की ते बाकावरून उठत, पोत्यात हात घालत, चार दाणे तळहातावर घेऊन आधी हुंगत आणि मग त्यातला एक खुशाल तोंडात टाकत. डोळे मिटून दाढेखाली सावकाश फोडत. समोर गिऱ्हाईक असलं तर ते बिचारं तोंड वेडंवाकडं करून बघत राही. काका मात्र शांतपणे गिळून सांगत, "मका हाये. लई मका. मासळीचा नुसता वास लावलाय, मासळी न्हाई."

पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मला हसू आवरेना. ते म्हणाले, "हसून काय राहिला गजू? मुक्या जनावराला सांगता येतं का, खारट हाये का कडू? कुणीतरी सांगायला पायजे का न्हाई?"

माझं दुकान हिंगोलीकडच्या गोरेगावात, सेनगावच्या जीप थांबतात तिथून चार पावलांवर. जनावरांची औषधं, सरकी पेंड, दावी, घुंगरं, वडिलांपासूनचं. काका वडिलांचे मित्र, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होते. गावातली माणसं त्यांना 'डाक्टर' म्हणत आणि ते दर वेळी दुरुस्त करत, "डाक्टर न्हाई बाबा. डाक्टर सही करतो, मी शेण धुतो." पण अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायची वेळ आली, की सही करणारे साहेबही त्यांच्याचकडे बघत. निवृत्त झाल्यावर त्यांना घरात करमेना. सकाळची भाकर खाऊन ते दुकानात येत, "जयभीम गजू" म्हणत आणि दाराजवळच्या बाकावर बसत. दुपारी कमलकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, कुणाकडून तरी निरोप धाडत, तेव्हा उठत.

गावात कुत्री आधीही होती, पण ती गल्लीची किंवा मेंढरांमागची. शिळी भाकर, ताक, बकरं कापलं तर त्याचं उरलंसुरलं, यावर त्यांचं भागायचं. मग शाळेतल्या शिक्षकांनी, ठेकेदारांनी, नुकतीच नोकरी लागलेल्या पोरांनी लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड आणायला सुरुवात केली आणि त्यांच्यामागोमाग माझ्या दुकानात पोती आली. एक स्वस्तातलं, साध्या छपाईचं. एक मधलं. आणि एक महागाचं, चकचकीत, ज्याच्यावर हिरवळीतून धावत येणाऱ्या कुत्र्याचा फोटो होता. काका त्या फोटोकडे बघून म्हणत, "पोत्यावरचं कुत्रं अन् पोत्यातलं खाणं, ह्या दोघांची भेट कधी झाली न्हाई बघ."

लोक मला सोडून त्यांनाच विचारू लागले. महागाचं घेऊ का साधं? काकांचं उत्तर कधीच थेट नसे. "कुत्रं आण," म्हणत. कुत्रं आलं की त्याचा वरचा ओठ उचलून हिरडी दाबून बघत, बरगडीवरून हात फिरवत. त्यांचा हिशोब सोपा होता: बरगडी हाताला लागावी, डोळ्याला दिसू नये. मग मालकाला विचारत, हागतं कसं? माणसं लाजत. काका चिडत, "लाजून काय राहिले? खाण्याचं खरंखोटं तिथंच कळतं. पोत्यावर कायबी छापता येतं, तिथं छापता येत न्हाई."

शाळेतल्या एक बाई आपला लॅब्रॅडॉर घेऊन आल्या. महागाचं घालूनही तो सुस्त राहतो, आणखी भारीतलं काही मिळेल का, असं विचारत होत्या. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर बोटं चरबीत रुतली. म्हणाले, "बाई, ह्याला खाणं न्हाई, चालणं लागतं. रोज कयाधू नदीकडं घेऊन जा. अन् पोतं साधं घ्या." बाई खट्टू झाल्या, पण चालायला लागल्या. दोन महिन्यांनी कुत्रा पळत दुकानात शिरला आणि पेंडीच्या पोत्यावर मुतला. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

स्वस्ताचंच घ्या असा त्यांचा हट्ट होता, असं मात्र नाही. एका ठेकेदाराचं म्हातारं कुत्रं मूत्रपिंडानं आजारी होतं. त्याच्यासाठी हिंगोलीहून मागवावं लागणारं खास खाणं फार महाग पडतं म्हणून तो कुरकुरत होता. काका त्याच्यावर कडाडले, "घर बांधताना सिमेंट कमी घालता, तशी इथं काटकसर करू नका. ह्याला हेच लागतं. न्हाई परवडत तर कुत्रं मला द्या." ठेकेदारानं मुकाट्यानं ते मागवलं. गिऱ्हाईकाला काय लागतं हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं, आणि हेच मला हळूहळू खुपायला लागलं.

महागाच्या पोत्यांचा विक्रेता महिन्यातून एकदा यायचा. टाय लावलेला, गोड बोलणारा. "शेठ, तुमच्याकडे गिऱ्हाईक आहे, पण माल उठत नाही," तो म्हणाला आणि बाकाकडे बघून हसला. मला ते हसणं लागलं. दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हणालो, "काका, गिऱ्हाईकाला काही बोलत जाऊ नका. मला तकलीफ होते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी न इचारता बोललो का कधी?"

"विचारलं तरी नका बोलू."

"इचारलं तर बोलणार," ते म्हणाले. "तुला नको असल तर मी येत न्हाई."

मी 'येऊ नका' म्हणालो नाही. त्यांच्याशिवाय औषधाची गिऱ्हाइकंही माझ्याकडे आली नसती, हे मला ठाऊक होतं. पण चहा मागवताना एक कप कमी सांगायला लागलो. हे त्यांच्या लक्षात आलं असणार. ते घरूनच चहा पिऊन यायला लागले.

सटवाजी आमचं जुनं गिऱ्हाईक. गोरेगावच्या पलीकडे माळावर मेंढरं राखायचा. मेंढरांची जंताची औषधं माझ्याकडूनच न्यायचा. त्याची वाघी नावाची कुत्री अख्ख्या भागात माहीत होती. तिनं एकदा लांडग्याशी कान फाटेपर्यंत झुंज दिली होती. त्या पावसाळ्यात वाघी व्याली, चार पिलं झाली आणि ती वाळत चालली. सटवाजी काकांसमोर उकिडवा बसून म्हणाला, "भाकर घालतो, ताक घालतो, तरी हाडं निघून राहिलीत तिची. ते महागाचं पोतं न्यावं म्हणतो, डाक्टर."

"काहून?" काका म्हणाले. "चार पिलं पाजून राहिली ती, नुसत्या भाकरीवर भागणार न्हाई, हे बराबर हाये. पण महागाचं नको. हे साधं घे, भाकरीत कालवून घाल. पिलं सुटेस्तोवर घाल. त्याच्यात जे पायजे ते हाये, मी खाऊन बघितलंय."

सटवाजी साधं घेऊन गेला आणि वाघी सुधारली. पुढच्या खेपेला तो हसत आला, म्हणाला, पिलंही आता तोंड घालायला लागलीत. इथपर्यंत सगळं चांगलं होतं.

नंतर श्रावणात आठ दिवस झड लागली. काका वसमतला लेकीकडे गेले होते. माझ्या गोदामाची मागची भिंत पाझरली आणि तळाची पोती ओली झाली. महागाची पोती फळीवर होती, ती वाचली. साधी भिजली ती भिजलीच. उघाड पडल्यावर मी ती गच्चीवर ताडपत्रीवर वाळत घातली. वास येत होता. कुबट, बुरशीचा, बंद खोलीसारखा. तो मला आला नाही असं मी आजवर पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. पण आला होता. फेकायला जीव झाला नाही. कडक ऊन लागल्यावर वास कमी झाला, मी माल नव्या पोत्यात भरला आणि सुटा विकायला दारात ठेवला. दोन दिवसांनी सटवाजी आला, आणि मी त्याच पोत्यातून त्याला भरून दिलं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, बाजारचा दिवस होता. दुकानात सात-आठ माणसं असतील. काका आदल्याच दिवशी वसमतहून परतले होते आणि नेहमीच्या जागी बसले होते. सटवाजी आत आला तो माझ्याकडे आलाच नाही. थेट बाकासमोर उभा राहिला.

"डाक्टर, वाघी गेली."

काका उभे राहिले. "काय झालं?"

"काय झालं मला इचारता? तुमीच म्हणले व्हते, महागाचं काहून घेतो. वाघी गेली. चारी पिलं गेली. एक बी ठिवलं न्हाई."

काकांनी त्याला खाली बसवायचा प्रयत्न केला, तो बसला नाही. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हिरड्या कशा झाल्या व्हत्या?"

"पिवळ्या. हळदीवानी."

"ओकत व्हती? पाणी लई पेत व्हती?"

"व्हय. लघवी बी पिवळी. पाच दिवस तडफडली."

काका वळले, दारातल्या त्या सुट्या पोत्यापाशी गेले आणि त्यांनी हात घातला. पार तळापर्यंत, कोपर बुडेपर्यंत. मूठभर दाणे वर काढले, नाकाशी नेले. मी गल्ल्यामागे उभा होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दाणा तोंडात घातला नाही. मूठ तशीच धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता. नुसते बघत राहिले.

तेवढ्यात गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी म्हणालं, "शेठ, खाणं खराब होतं का काय?"

मी म्हणालो, "खाण्याला काय झालंय? मी तर आधीपासून सांगत होतो, महागाचं न्या म्हणून. काकांनीच नको म्हटलं."

हे वाक्य मी बोललो. घाबरून तोंडातून निसटलं असं म्हणायची सोय नाही. बोलायच्या आधी ते मनात जुळवलं होतं आणि जुळल्यावर मला हायसं वाटलं होतं.

काकांनी मुठीतले दाणे परत पोत्यात सोडले आणि हात विजारीला पुसला. सटवाजीला म्हणाले, "सांगितलं मीच व्हतं. चुकलं माझं." मग माझ्याजवळ आले आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "हे पोतं आजच्या आज पुर. खोल पुर. कुत्र्यांनी उकरून काढलं न्हाई पायजे." चप्पल घातली आणि गेले. त्यानंतर ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

पोतं मी पुरलं. कंबरभर खड्डा घेतला. तेवढं एक सांगितलेलं मी ऐकलं.

गावाला बोलायला विषय मिळाला. ज्यांच्या अडलेल्या गाई काकांनी सोडवल्या होत्या, त्यातलेच एक जण माझ्या दुकानात उभे राहून म्हणाले, "नोकरी पट्टीबंधकाची अन् सल्ला डॉक्टरचा. असंच व्हायचं." मी त्यांना पेंड मोजून देत होतो. मोजत राहिलो. जनावर आजारी पडलं की आधी माणूस खंदारे काकांच्या घराकडे पळायचा, तो आता पळेना. आणि महागाच्या पोत्यांना मागणी आली. लोक विचारण्यात वेळ घालवत नसत. फोटोवर बोट ठेवत आणि घेऊन जात. विक्रेत्यानं माझ्या दुकानाला काचेचं नवं कपाट बसवून दिलं.

पंधरा-वीस दिवसांत लांडग्यानं सटवाजीची तीन कोकरं नेली. त्याचा दुसरा कुत्रा म्हातारा होता, बहिरा. हे काकांच्या कानावर गेलं. त्यांच्या दारात चंपी नावाची एक पांढरी कुत्री होती, त्यांनीच रस्त्यावरून उचलून वाढवलेली. तिला दोरी बांधून ते माळावर चालत गेले. दमेकरी माणूस, थांबत थांबत गेला असेल. हे मला पुढे कमलकाकूंनी सांगितलं. काकांनी दोरी सटवाजीच्या हातात दिली आणि म्हणाले, "मेंढरं बघितली न्हाईत तिनं. पण भुंकते चांगली. कान तिखट हायेत." सटवाजीनं कुत्री घेतली. पाण्याला विचारलं नाही. काका तसेच परत फिरले आणि घरी येऊन दोन दिवस अंथरुणावर पडून होते.

दीड वर्ष असं गेलं. आम्ही एकाच गावात होतो, समोरासमोर यायचो. ते "जयभीम" म्हणायचे, पुढे 'गजू' म्हणायचे नाहीत. एवढाच फरक. मला तो पुरत होता.

मग त्यांचा दमा बळावला. नांदेडला नेऊन आणलं, तिथल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी सकाळच्या वेळी गेलो. कमलकाकूंनी खुर्ची दिली आणि त्या चुलीकडे गेल्या. काका भिंतीला उशी लावून बसले होते. एका श्वासातून दुसऱ्या श्वासात जायला त्यांना कष्ट पडत होते. मी तिथपर्यंत येताना शब्द पाठ करून आलो होतो, ते सगळे विसरलो.

"काका, ते पोतं भिजलेलं होतं. मला माहीत होतं."

"मला बी," ते म्हणाले. "हात घातला तवाच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर सांगायचं होतंत."

त्यांनी श्वास गोळा केला. "तू बोलशील म्हणून थांबलो व्हतो. तू बोलला. मग मला बोलायला राहिलं काय?"

मी मान खाली घातली. माझ्या अंदाजानं आता ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील, जाऊ दे लेकरा म्हणतील. वडिलांच्या मित्रांकडून माणूस एवढी अपेक्षा करतो. त्यांनी विचारलं, "सटवाजीला सांगितलं का?"

"नाही."

"मग मला काहून सांगून राहिला?"

त्यांनी काकूंना पाणी मागितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी उठलो. आठवड्यानं ते गेले.

मातीला माणसं होती, पण जेवढी असायला हवी होती तेवढी नव्हती. पांढऱ्या कपड्यातल्या लोकांच्या मागे मी उभा होतो. वंदना झाली. मी सटवाजीला शोधत होतो. तो आला नव्हता.

चौथ्या दिवशी मोटारसायकल काढून मी माळावर गेलो. मेंढरं चरत होती. चंपी मला बघून लांबूनच भुंकली, तिला आता मेंढरांची सवय झाली होती. सटवाजी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मी सगळं सांगितलं. भिंत, गच्ची, ताडपत्री, वास. दुकानातलं ते वाक्यसुद्धा. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

मी थांबल्यावर तो म्हणाला, "कमलबाईनं निरोप धाडला व्हता. मी म्हणलं, ज्यानं माझी वाघी मारली त्याच्या मातीला काहून जावं? न्हाई गेलो."

त्यानं काठीवरून हनुवटी उचलली.

"एवढ्या उन्हाचा चालत आला व्हता तो," सटवाजी म्हणाला. "ढासून राहिला व्हता. मी पाणी दिलं न्हाई." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "शेठ, तवा दुकानात म्हणले व्हते ना तुमी? बाजारच्या दिवशी, माणसांदेखत? मग आज इथं येऊन काहून सांगून राहिले? इथं कोण ऐकून राहिलं, मेंढरं?"

तो कळपाच्या पुढे निघून गेला.

पुढच्या बाजारच्या दिवशी दुकान भरलेलं असताना मी ते बोललो. मोठ्यानं बोललो, काकांचं नाव घेऊन, सगळं. मला वाटलं होतं, लोक अंगावर येतील, निदान थुंकतील. एक-दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण म्हणाला, "जाऊ द्या शेठ, म्हातारा तर गेला. आता काय त्याचं?" दुसऱ्यानं जंताच्या औषधाची बाटली पुढे केली आणि किती पाजायचं ते विचारलं. मी सांगितलं.

सटवाजी औषधं आता सेनगावहून नेतो. कमलकाकू बाजाराला जाताना दुकानावरूनच जातात, दुसरा रस्ता नाही. मी काय बोललो ते त्यांच्यापर्यंत पोचलं आहे, हे मला नक्की ठाऊक आहे. त्या थांबत नाहीत, मान फिरवत नाहीत, की पावलं भराभर टाकत नाहीत. बंद दुकानावरून जावं तशा जातात.